कंबरदुखी आणि हालचालीची भीती : उपचारांमागचा इतिहास

कंबर धरली की आडवे पडून राहावे, हा सल्ला केवळ घरातल्या वडीलधाऱ्यांचा नव्हता. दीर्घकाळ डॉक्टरही तोच देत असत. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी मणक्यांमधली सरकलेली चकती मज्जातंतूवर दाब आणते हे दाखवले. पुढे, तसा दाब नसलेल्या साध्या कंबरदुखीतही, पाठीचा कणा जपूनच वापरावा ही समजूत रुजली. ‘गादी सरकली आहे, वाकू नका’ हे आपल्याकडे आजही कानी पडणारे वाक्य त्याच समजुतीतले आहे.

१९८६ मध्ये डॉक्टर डेयो यांच्या अमेरिकेतील चाचणीत अंथरुणातली दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांपेक्षा कमी गुणकारी ठरली नाही, उलट कामाचे खाडे कमी झाले. १९९५ मध्ये हेलसिंकीतील १८६ महापालिका कर्मचाऱ्यांच्या चाचणीत, सोसेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले.

मग काही जण महिनोन्‌महिने का वाकत नाहीत? संशोधक लेथम आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये याचे कारण भीतीपोटी वेदना टाळण्याच्या वृत्तीत शोधले. १९९० मध्ये हालचालीच्या या भीतीला ‘कायनेसियोफोबिया’ हे नाव मिळाले. ती मोजणाऱ्या टॅम्पा प्रश्नावलीत १७ विधाने आहेत. ग्लासगोचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॅडेल यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, दुखण्याची तीव्रता जमेस धरूनही, कामावरच्या गैरहजेरीशी रुग्णाच्या धास्तीचा स्वतंत्र संबंध उरतो.

उपचाराला खरे वळण दिले ते नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञ योहान व्लायेन यांनी. त्यांच्या पद्धतीत दुखणे म्हणजे इजा नव्हे हे रुग्णाला आधी समजावले जाते. मग रोजच्या कामांची छायाचित्रे पुढे ठेवून, वाकून बादली उचलण्यासारखे प्रत्येक काम त्याला किती घातक वाटते हे शंभरच्या मापावर विचारले जाते. त्यानंतर कमी भीतीच्या कामापासून सुरुवात होते. काय होईल हे रुग्णाने आधी सांगायचे, काम प्रत्यक्ष करायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अवघे चार रुग्ण होते, म्हणून त्याचे महत्त्व बेतानेच मोजावे. २००८ मधील मोठ्या चाचणीतही या पद्धतीने भीती अधिक घटली, पण क्रमाक्रमाने हालचाल वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा दैनंदिन कार्यक्षमतेत ती सरस ठरली नाही.

ऑस्ट्रेलियात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४९२ रुग्णांच्या चाचणीत मात्र, फिजिओथेरपिस्टनेच समजावणे आणि हालचाल एकत्र हाताळली. तिचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.