ॲड रँक : शोध-जाहिरातींची क्रमवारी

गूगलसारख्या शोधयंत्रावर निकालांच्या वर किंवा खाली ‘प्रायोजित’ अशा खुणेच्या जाहिराती दिसतात. त्यांतली कोणती दिसेल, कितव्या जागी दिसेल आणि क्लिक झाल्यास जाहिरातदाराचे किती पैसे कापले जातील, हे ज्या मूल्यावरून ठरते त्याला ॲड रँक म्हणतात. हे मूल्य कायमचे नसते. प्रत्येक शोधाला क्षणार्धात नवा लिलाव होतो. त्यामुळे दुपारी नागपूरच्या सक्करदऱ्यात मोबाइलवर सगळ्यात वर असलेली जाहिरात रात्री शहराजवळच्या हिंगण्यात खाली घसरते किंवा दिसतच नाही.

१९९८ मध्ये अमेरिकेतील गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने जाहिरातींच्या लिलावाची पद्धत सुरू केली तेव्हा हिशेब सरळ होता : ज्याची बोली, म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त द्यायची रक्कम, मोठी तो वर. पण जाहिरात शोधाशी जुळत नसेल तर लोक ती ओलांडून पुढे जातात, आणि क्लिक नाही तर शोधयंत्राला पैसाही नाही. म्हणून गूगलने २००२ मध्ये बोलीसोबत क्लिक होण्याचे प्रमाणही धरायला सुरुवात केली. याहूने हीच वाट २००७ मध्ये धरली. आजची सगळी क्रमवारी या एका व्यापारी कारणावर उभी आहे.

समजा, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर आहे आणि धंतोलीतून कुणी ‘कुलर दुरुस्ती नागपूर’ असे शोधले. तीन दुकाने लिलावात आहेत. पहिल्याची बोली ४० रुपये, शोधयंत्राने जोखलेली जाहिरातीची गुणवत्ता ४. दुसऱ्याची २५ रुपये, गुणवत्ता ८. तिसऱ्याची २० रुपये, गुणवत्ता ६. बोली आणि गुणवत्ता यांचा गुणाकार, म्हणजे इथला ॲड रँक, अनुक्रमे १६०, २०० आणि १२०. म्हणजे २५ रुपयेवाला वर बसतो. त्याला पूर्ण २५ द्यावे लागत नाहीत. खालच्याला मागे टाकण्यापुरते, म्हणजे १६० भागिले ८, साधारण २० रुपये पुरतात. ४० रुपयेवाला दुसऱ्या जागी बसूनही १२० भागिले ४, म्हणजे ३० रुपयांच्या आसपास मोजतो. तिसऱ्याच्या खाली कुणी नाही, तरी त्याला किमान उंबरठा, म्हणजे जाहिरात दिसण्यासाठी लागणारा कमीत कमी ॲड रँक, ओलांडण्याइतके द्यावेच लागते. हे आकडे समजण्यापुरते आहेत. खरे सूत्र गूगल उघड करत नाही. शोधणाऱ्याचे ठिकाण, वेळ, उपकरण, शोधामागचा हेतू, तसेच फोन नंबर, पत्ता यांसारख्या जोडण्यांचा अपेक्षित परिणाम हेही त्यात मोजले जाते. उंबरठ्याखालची जाहिरात स्पर्धक नसला तरी दिसत नाही, आणि निकालांच्या वरच्या जागांचा उंबरठा खालच्यापेक्षा उंच असतो.

गुणवत्तेचे तीन भाग : क्लिक होण्याची शक्यता, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. नागपुरातल्या लहान दुकानदारांचे नुकसान बहुधा तिसऱ्या भागात होते. जाहिरात कुलर दुरुस्तीची, आणि उघडते दुकानाचे मुख्य पान : फ्रिज, मिक्सर, सणाच्या शुभेच्छा, जड फोटो. मोबाइलवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक परत फिरते. त्याऐवजी ‘मोटार, पंप, ताट्या (कुलरच्या बाजूंचे गवताचे पडदे) बदलून मिळतील’, कोणत्या भागात येतो, भेटीचे किती, आणि वरच फोन नंबर, एवढे असलेले स्वतंत्र, हलके पान हवे. बोली वाढवण्याआधी हे करावे, कारण गुणवत्ता सुधारली की तीच जागा कमी पैशात मिळते.

गूगलच्या जाहिरात-खात्यात दिसणारा १ ते १० चा ‘क्वालिटी स्कोअर’ म्हणजे ॲड रँक नव्हे. तो फक्त निदानासाठी असतो : त्याच कीवर्डवर (जाहिरात ज्या शोधशब्दासाठी लावली तो) गेल्या ९० दिवसांत झळकलेल्या इतरांच्या तुलनेत आपण कुठे आहोत, एवढेच तो सांगतो. लिलावात गुणवत्ता त्या क्षणी नव्याने मोजली जाते. स्कोअर ६ वरून ७ व्हावा म्हणून अडून बसण्यापेक्षा ‘सरासरीपेक्षा कमी’ असा शेरा कोणत्या भागाला आहे ते पाहावे.

चुकीच्या शोधांवर दिसल्यानेही घसरण होते. घरपोच संत्र्यांच्या पेट्या विकणारा ‘नागपूर संत्री’ हा शब्द मोकळा सोडतो, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसू देतो, आणि नागपूरच्या कळमना बाजाराचा भाव पाहणारे शेतकरी किंवा कलमे शोधणारे बागायतदार त्याची जाहिरात पाहतात. ते क्लिक करत नाहीत, केले तर पैसे वाया जातात. ‘भाव’, ‘कलमे’, ‘रोपे’ हे शब्द नकारात्मक यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या यादीत, टाकावेत, देवनागरीत आणि रोमनमध्येही. कारण तिथे समानार्थी रूपे आपोआप धरली जात नाहीत. ठिकाणाची सेटिंगही तपासावी. मूळ पर्यायात त्या गावात असलेल्यांबरोबर त्या गावाविषयी शोधणारेही येतात. पेट्या पुण्या-मुंबईला पाठवणाऱ्याने तर नागपूर नव्हे, पुणे-मुंबई निवडायला हवे. कुलर दुरुस्तीवाल्याने ‘प्रत्यक्ष उपस्थित’ हाच पर्याय घ्यावा.

जाहिरात दिसत नाही म्हणून लगेच बोली वाढवू नये. जाहिरात दिसण्याच्या किती संधी हुकल्या याचे अहवालात ‘बजेटमुळे गमावलेला’ आणि ‘रँकमुळे गमावलेला’ असे दोन वेगळे वाटे मिळतात. पहिला मोठा असेल तर अडचण क्रमवारीची नाही. दुपारपर्यंत पैसे संपत असतील, तर बोली वाढवल्यास ते आणखी लवकर संपतील. ‘सरासरी स्थान’ हा जुना आकडा २०१९ मध्ये बंद झाला. आता जाहिरात किती टक्के वेळा वरच्या भागात आणि किती वेळा अगदी पहिली दिसली, हे पाहतात. खात्री करायला स्वतःच गूगलवर वारंवार शोधू नये. क्लिक न होता दिसलेली प्रत्येक जाहिरात क्लिक-प्रमाण खाली ओढते. खात्यातल्या पूर्वावलोकन साधनात ठिकाण, भाषा आणि उपकरण निवडून तीच जाहिरात हिशेबाला धक्का न लावता पाहता येते.