ध्वनिमुद्रणाची विद्या कागदावर कशी आली

गायकाचा 'स' कानाला टोचतोय, ढोलकी बाकीच्या वाद्यांखाली दबतेय, अशी कुठलीही अडचण आली तरी तिच्यावरचा उपाय आज कुणी ना कुणी लिहून ठेवलेला असतो. काम करणाऱ्याने आपली युक्ती चारचौघांत सांगायची, हे आपण गृहीतच धरतो. पण सर्वसामान्य वाचकासाठी असं नियमित लिहिण्याची चाल जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांची आहे. त्याआधी ही विद्या स्टुडिओच्या दाराबाहेर पडत नसे. आणि पडली ती कुणाच्या औदार्यामुळे नव्हे, यंत्रच घरी आलं म्हणून.

लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ ईएमआय कंपनीने १९३१ साली सुरू केला. तिथली उतरंड एखाद्या सरकारी कचेरीला लाजवेल अशी होती. यंत्रं सांभाळणारे तंत्रज्ञ पांढरे कोट घालून वावरत. नवा पोरगा टेप ऑपरेटर म्हणून लागायचा. टेप चढवायची, सांगितलं की बटण दाबायचं आणि तोंड बंद ठेवायचं. असं बघून बघून शिकला, तर पुढे कधीतरी बॅलन्स इंजिनिअरची, म्हणजे सगळ्या आवाजांचा मेळ बसवणाऱ्याची, खुर्ची मिळायची.

जेफ एमरिक १९६२ मध्ये असाच कोवळ्या वयात तिथे चिकटला. चार वर्षांनी बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा त्याने त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टारच्या बेस ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक कातड्याच्या अगदी जवळ नेला. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हतं. ड्रमच्या दणक्याने माइकचा नाजूक पडदा खराब होईल, म्हणून तो ठराविक अंतरावर ठेवायचा दंडक होता. एमरिकने पुढे सांगितल्याप्रमाणे वरून लेखी परवानगी आली, पण ती फक्त बीटल्सच्या रेकॉर्डिंगपुरती! आज बेस ड्रमला माइक कसा लावायचा याचा हा पहिला धडा आहे. त्या वेळी मात्र दुसऱ्या स्टुडिओतल्या माणसाला रेकॉर्ड ऐकून अंदाज बांधण्यापलीकडे मार्ग नव्हता.

आपल्याला यात नवल वाटू नये. खास बंदिश परक्याला द्यायची नाही, ही रीत आपल्या घराण्यांतही होतीच. भातखंड्यांनी त्या मिळवून स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा कुठे त्या चार भिंतींबाहेर आल्या.

शिक्षण अगदीच नव्हतं असं नाही. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी १९४६ मध्येच शिकागो विद्यापीठाच्या कुलपतींना पत्र लिहून, ध्वनिमुद्रकांना संगीताचंही रीतसर शिक्षण द्यावं असं सुचवलं होतं. जर्मनीत डेटमोल्ड इथे १९४९ मध्ये ध्वनिमुद्रकांसाठी 'टोनमाइस्टर' अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेत ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९५३ पासून तिचं नियतकालिक निघू लागलं. पण ही मंडळी लिहीत ती एकमेकांसाठी. गिटार घेऊन खोलीत बसलेल्या पोराला त्यातलं काय कळणार?

तो पोरगा हिशेबात आला १९७९ मध्ये. टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ बाजारात आणला. साध्या कॅसेटवर एका बाजूला दोन आणि उलट्या बाजूला दोन असे चार ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या चार सुट्या पट्ट्या, असतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने, दुप्पट वेगाने चालवले. आता चार वाद्यं वेगवेगळी भरता येत. पाचवं हवं असेल तर तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे. खरी मेख इथेच होती. दरवेळी टेपची सळसळ वाढायची, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं करता येत नसे. मग आधी कोणती वाद्यं भरायची? उतरवताना कोणाचा आवाज किती ठेवायचा? स्टुडिओत हे विचारायला शेजारी वरिष्ठ असायचा. घरात कोण होतं?

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ मध्ये याच यंत्रावर घरी केलेली कच्ची गाणी शेवटी तशीच 'नेब्रास्का' या अल्बममध्ये घेतली. त्या कॅसेटवरून रेकॉर्डची तबकडी कापताना तंत्रज्ञांच्या नाकी नऊ आले, तो भाग वेगळा.

ही 'घरात कोण होतं'ची पोकळी मासिकांनी भरली. ब्रिटनमध्ये १९८५ साली 'साउंड ऑन साउंड' निघालं. इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडणारी मिडी ही पद्धत येऊन दोनच वर्षं झाली होती आणि सिंथेसायझर, संगणक यांची एकमेकांशी गाठ कशी घालायची हे घरोघरी लोकांना हवं होतं. अमेरिकेत लॅरी क्रेनने १९९६ मध्ये 'टेप ऑप' काढलं. मासिकाला नाव दिलं ते स्टुडिओतल्या सर्वांत खालच्या पदाचं, आणि मला ते फार नेमकं वाटतं.

अर्थात मुलाखत दिली म्हणजे सगळं सांगितलं असं नाही. अमेरिकन गायिका शेर हिचं 'बिलीव्ह' हे गाणं १९९८ मध्ये गाजलं ते आवाजाच्या त्या यांत्रिक तुटकपणामुळे. निर्माते पुढच्या वर्षी 'साउंड ऑन साउंड'मध्ये म्हणाले, हे व्होकोडरचं, म्हणजे माणसाच्या आवाजाला यंत्रासारखा रंग देणाऱ्या उपकरणाचं, काम आहे. प्रत्यक्षात ते होतं ऑटो-ट्यून हे नुकतंच आलेलं सॉफ्टवेअर, सूर दुरुस्त करण्याचा वेग टोकाला नेऊन वापरलेलं. म्हणजे १९९९ मध्येही उस्ताद शिष्याला चुकीची चीज सांगत होते! पण सॉफ्टवेअर दुकानात मिळत होतं, त्यामुळे ही लपवाछपवी टिकणार नव्हती. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने तर २००५ मध्ये आपल्या गाण्याचे सुटे ट्रॅकच चाहत्यांना फुकट देऊन टाकले.

मुंबईत हे चक्र फार उशिरा फिरलं. सत्तरच्या दशकापर्यंत चित्रपटगीत म्हणजे गायक, कोरस आणि वादकांचा ताफा एकाच वेळी, बहुतेकदा एकाच टेकमध्ये. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. ताडदेवचा फेमस, परळचं राजकमल ही त्या कामाची नावाजलेली ठिकाणं. राजकमलमध्ये बसून मंगेश देसाई 'शोले'सारख्या चित्रपटांचं मिक्सिंग करत. सत्यजित राय यांच्यासारखा काटेकोर दिग्दर्शकही त्यांच्याकडे येई. ही विद्या गेली ती रेकॉर्डिस्टकडून असिस्टंटकडे, तोंडी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने १९६० नंतर ध्वनीचं रीतसर शिक्षण सुरू केलं, पण ते प्रवेश मिळालेल्या मोजक्यांपुरतं. आयात केलेली यंत्रं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. घरी यंत्रच नाही, तर 'हे कसं करायचं' असं विचारणारा वाचक तरी कुठून येणार? त्यामुळे लिहिण्याचीही निकड कुणाला वाटली नाही.

शंभर वादकांच्या त्या हॉलमध्ये माइक कुठे लावत, व्हायोलिनवाल्यांना किती मागे बसवत, हे ज्यांनी केलं त्यांच्याकडून सविस्तर लिहून घेण्याचं काम फार थोडं झालं. त्या काळच्या वादकांना आणि रेकॉर्डिस्टना गाठून मोठ्या प्रमाणावर मुलाखती घेतल्या त्या ग्रेगरी बूथ यांनी. ते न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात शिकवत होते.