इंदूरचं पाणी चारशे मीटर चढतं

एक हजार लिटर पाणी 400 मीटर उंच चढवायचं तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने सुमारे 1.1 युनिट वीज लागते. पंपातली तूट आणि नळाच्या आतल्या भिंतींशी होणारं घर्षण धरलं तर त्याहून बरीच जास्त. गच्चीवरच्या एका टाकीसाठी हा आकडा किरकोळ वाटेल. पण इंदूर हे सारं शहरच माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर वसलेलं आहे, आणि त्याची तहान भागते ती खाली निमाडात वाहणाऱ्या नर्मदेवर. महेश्वर-मंडलेश्वरच्या परिसरातल्या जलूदहून निघालेलं पाणी सुमारे 70 किलोमीटर अंतर कापत विंध्य चढून येतं. होळकरांच्या या शहरात आजही बऱ्याच घरांत मराठी बोललं जातं, त्या घरांतल्या प्रत्येक तांब्यात ही चढण आहे.

पंपांचं वीजबिल कधीच संपत नाही. म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीची कर्जपत्रं, काढून 244 कोटी रुपये उभे केले, तेही थेट सामान्य गुंतवणूकदारांकडून. व्याज 8.25 टक्के. पैसा कशासाठी, तर जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. कर्ज काढून शोभेचं कारंजं बांधलं तर हप्ते भरायला पुन्हा करच वाढवावा लागतो. इथे वाचलेल्या बिलातून कर्ज फिटण्याची सोय आहे. महापालिकेने कर्ज काढावं ते अशाच कामासाठी, असं मला ठामपणे वाटतं.

तरी सौरऊर्जेने चढण कमी होत नाही. वाटेत किंवा शहरात गळून गेलेल्या पाण्यावरची वीज आधीच खर्च झालेली असते, त्यामुळे गळती थांबवणं ही सुद्धा ऊर्जेतलीच गुंतवणूक आहे. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे रोखे काढले, ते समान पाणीपुरवठा योजनेसाठी. नव्या वाहिन्या, टाक्या आणि मीटर. जमिनीखाली गाडलेल्या या कामांचं उद्घाटन दिमाखदार होत नाही, आणि नेमकी तीच मागे पडतात.

नियोजनातली खरी चूक त्याहून आधी होते. टेकडीच्या अंगावर नवी वसाहत मंजूर झाली की पुढची पन्नास वर्षं तिथे पाणी चढवण्याचं बिल शहराच्या माथी बसतं. विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी लिहिलेली असते. त्याच पानावर प्रत्येक वसाहतीसाठी हजार लिटरमागे किती युनिट लागतील, हेही छापायला हवं.