एका पाइपमध्ये किती सर्किटे न्यावीत?

भिंत न फोडता नवे वायरिंग करायचे असेल, तर भिंतीवरून पीव्हीसीचा पाइप किंवा केसिंग-कॅपिंगची पट्टी नेणे सर्वांत सोयीचे असते. एकदा पाइप बसला की आत उरलेल्या जागेतून गिझरची, स्वयंपाकघरातल्या प्लगची आणि एसीचीही वायर ओढून घ्यावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वायरी पाइपमध्ये मावतात की नाही, याहून त्यांची उष्णता पाइपबाहेर पडते की नाही, हा प्रश्न मोठा आहे.

तांब्याचा रोध कमी असला तरी शून्य नसतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटरला सुमारे ०.००७५ ओहम असतो. तिच्यातून १६ अँपिअर प्रवाह वाहिला, तर दर मीटरला सुमारे १.९ वॉट उष्णता निर्माण होते. फेज आणि न्यूट्रल मिळून ३.८ वॉट. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. ही उष्णता आधी वायरीच्या आवरणातून, मग पाइपमध्ये कोंडलेल्या हवेतून आणि शेवटी पाइपच्या जाडीतून पार होऊन खोलीत यावी लागते, आणि हवा व पीव्हीसी हे दोन्ही उष्णतेचे मंदवाहक आहेत. त्यातच शेजारच्या वायरीही तापलेल्या असतील, तर सगळ्यांचेच तापमान चढते; तापमान चढले की तांब्याचा रोध वाढतो आणि उष्णतेत आणखी भर पडते.

नेहमीच्या पीव्हीसी आवरणाच्या वायरीसाठी सततच्या भाराखाली ७० अंश सेल्सिअस ही मर्यादा मानली जाते. ती ओलांडल्यावर आवरण लगेच वितळत नाही, म्हणूनच हा धोका लवकर लक्षात येत नाही. आवरण हळूहळू कडक होत जाते, ठिसूळ होते आणि एखाद्या बेंडपाशी तडकते.

आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या मानकातील आकडे येथे डोळे उघडणारे आहेत. भोवतालचे तापमान ३० अंश असताना भिंतीवरच्या पाइपमध्ये २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरींचे एकच सर्किट, म्हणजे फेज-न्यूट्रलची एकच जोडी, असेल, तर ते २४ अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकते. दोन सर्किटे असल्यास ही क्षमता ०.८० पट, तीन असल्यास ०.७० पट आणि चार असल्यास ०.६५ पट धरावी लागते. म्हणजे चार सर्किटे पूर्ण भाराने चालली, तर प्रत्येकाची क्षमता १५.६ अँपिअरवर येते आणि १६ अँपिअरची एमसीबीसुद्धा (प्रवाह मर्यादेपलीकडे गेल्यास आपोआप बंद होणारा स्विच) त्या वायरीचे नीट रक्षण करू शकत नाही, कारण एमसीबी आपल्यातून जाणारा प्रवाह जोखते, पाइपमधल्या वायरीचे तापमान तिला कळत नाही. भोवतालचे तापमान ४० अंश असेल, तर या क्षमतेला पुन्हा ०.८७ ने गुणावे लागते.

अर्थात, एखाद्या सर्किटातील प्रवाह अशा घटवलेल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक कधीच होणार नसेल, तर ते या मोजणीत धरले नाही तरी चालते. दिव्यांची सर्किटे बहुधा अशीच असतात. म्हणून माझ्या मते दिव्यांची सर्किटे खुशाल एकत्र न्यावीत, पण गिझर आणि एसी यांच्यासाठी थोडे अंतर राखून दुसरा पाइप बसवावा. भिंतीवरच्या वायरिंगमध्ये हे काम फारसे अवघड नसते. पाइपच्या आतील क्षेत्रफळापैकी सुमारे ४० टक्केच वायरींनी व्यापावे, हा प्रचलित नियमही पाळावा, म्हणजे वायरी ओढताना आवरण खरवडले जात नाही.

प्रत्येक सर्किटाचे न्यूट्रल मात्र स्वतंत्रच हवे. एकाच फेजवरच्या दोन सर्किटांना एक न्यूट्रल दिले, तर दोन्हींचा परतीचा प्रवाह त्यात एकवटतो: दोन्ही एमसीबींतून प्रत्येकी १६ अँपिअर जात असताना न्यूट्रलमधून ३२ अँपिअर वाहतात आणि एकही एमसीबी पडत नाही. शिवाय एका सर्किटाची एमसीबी बंद करून काम करणाऱ्याने ते न्यूट्रल सोडले, तर दुसऱ्या सर्किटामुळे त्याला विजेचा धक्का बसू शकतो. दोन सर्किटे वेगवेगळ्या आरसीसीबींवर (जाणारा व येणारा प्रवाह ताडून गळती झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचांवर) असतील आणि त्यांची न्यूट्रले एकमेकांत मिसळली असतील, तर जाणारा व येणारा प्रवाह जुळत नाही आणि कोठेही गळती नसताना आरसीसीबी पडत राहते.

प्लास्टिकचा पाइप वीज वाहत नसल्याने त्याच्यावर अर्थिंगसाठी विसंबता येत नाही. आत अर्थची स्वतंत्र वायर न्यावीच लागते. वायरी ओढतानाच प्रत्येक फेज-न्यूट्रल जोडीच्या दोन्ही टोकांना सर्किटाचा क्रमांक लावून ठेवावा, कारण पाइप बंद झाल्यावर एकाच रंगाच्या अनेक न्यूट्रलांमधून नेमके हवे ते ओळखणे कठीण होते.