फॉरमॅट की टीफॉरमॅट? गिट लॉगच्या शेवटच्या ओळीचा प्रश्न

आमच्या रिलीज नोट्स एक छोटी शेल स्क्रिप्ट तयार करायची. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातून मागच्या टॅगपासून (आवृत्तीला लावलेल्या नावापासून) आजपर्यंतचे कमिट (नोंदवलेले बदल) घ्यायचे, प्रत्येकाची शीर्षक-ओळ उचलायची, पुढे ठिपका लावून फाइलमध्ये टाकायची, एवढंच तिचं काम. बरेच महिने ती बिनबोभाट चालली. मग एका सहकाऱ्याने विचारलं, ‘टॅग लावल्यावर लगेच जो बग दुरुस्त केला होता, तो नोट्समध्ये का नाही?’ मागच्या नोट्स काढून पाहिल्या, तर दर वेळी नेमका टॅगनंतरचा पहिलाच कमिट गायब. स्क्रिप्टमध्ये फक्त एक ‘टी’ कमी होता.

(इथे आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या, आणि टक्क्यानंतरचं एच किंवा एस हे स्मॉल अक्षर घ्यायचं.)

गिट लॉग म्हणजे कमिटांची यादी दाखवणारी आज्ञा. प्रत्येक कमिट कसा छापायचा याचा आपला साचा तिला देताना टक्क्याची चिन्हं वापरतात: %एच म्हणजे छोटा हॅश (कमिटची ओळख सांगणारा कोड), %एस म्हणजे कमिटची शीर्षक-ओळ. हा साचा देण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात:

गिट लॉग --प्रिटी=फॉरमॅट:%एस
गिट लॉग --फॉरमॅट=%एस

बहुतेक जण दुसरीला पहिलीचं लघुरूप समजतात. मीही तेच समजत होतो. पण दुसऱ्या आज्ञेत साच्याआधी काहीच लिहिलेलं नाही, आणि टक्का असलेला असा उघडा साचा दिसला की गिट त्याच्यापुढे ‘टीफॉरमॅट:’ आहे असं धरून चालतो. म्हणजे दुसरी आज्ञा खरं तर --प्रिटी=टीफॉरमॅट:%एस अशी आहे. तुम्ही प्रिटी लिहिलं की फॉरमॅट, याने काही बिघडत नाही. --प्रिटी=%एस लिहिलं तरी ते टीफॉरमॅटच. फरक पडतो तो कोलनच्या आधी काय आहे याने.

टीफॉरमॅटमधला ‘टी’ टर्मिनेटरचा, म्हणजे शेवट करणाऱ्या चिन्हाचा. साधा फॉरमॅट विभाजक वापरतो. मराठीत सांगायचं तर विभाजक स्वल्पविरामासारखा, टर्मिनेटर पूर्णविरामासारखा. ‘आंबा, फणस, काजू’ लिहिताना काजूनंतर स्वल्पविराम येत नाही, कारण तो दोन गोष्टींच्या मध्येच बसतो. पूर्णविराम मात्र प्रत्येक वाक्यानंतर येतो, शेवटच्याही. तीन कमिट असतील आणि नवी ओळ ⏎ ने दाखवली, तर फॉरमॅट देतो:

जीएसटीची बेरीज सुधारली⏎
पावतीवर तारीख छापली⏎
लॉगिनचा बग दुरुस्त

आणि टीफॉरमॅट:

जीएसटीची बेरीज सुधारली⏎
पावतीवर तारीख छापली⏎
लॉगिनचा बग दुरुस्त⏎

डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यात गिट लॉग सहसा पेजरमधून (पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) दाखवला जातो, त्यामुळे हा फरक पुरता झाकला जातो. पेजर बंद केला तर फॉरमॅट वापरल्यावर बॅश या शेलमध्ये प्रॉम्प्ट (पुढची आज्ञा टाइप करायची खूण) शेवटच्या ओळीला चिकटून येतो. झी-शेल हा दुसरा शेल अशा वेळी शेवटी उलट रंगातला टक्का दाखवतो. आपल्या साच्यातही टक्केच असल्याने तो आपल्याच साच्यातून निसटला, असं वाटून माणूस भलतीकडे शोधत बसतो.

खरी अडचण पाइपमध्ये, म्हणजे एका आज्ञेचं आउटपुट दुसरीला देताना, येते. युनिक्सच्या जगात ‘ओळ’ म्हणजे नव्या ओळीच्या चिन्हाने संपलेला मजकूर. ओळी मोजणारा ‘डब्ल्यूसी -एल’ हीच चिन्हं मोजतो, म्हणून वरच्या तीन कमिटांना फॉरमॅटमध्ये तो २ म्हणतो आणि टीफॉरमॅटमध्ये ३. शेलमधलं ‘व्हाइल रीड’ (एकेक ओळ वाचणारं लूप) तर आणखी घातक. शेवटची अर्धी ओळ रीड व्हेरिएबलमध्ये नीट भरतो, पण चिन्ह न सापडल्यामुळे ‘संपलं’ असा संकेत देतो. लूप तिथेच थांबतं आणि भरलेली किंमत कुणी वापरत नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही. गिट लॉग नवे कमिट आधी दाखवतो, म्हणजे शेवटची ओळ सगळ्यात जुन्या कमिटची, आणि आमच्या नोट्समधून तोच गळत होता. क्रम उलटवणारा --रिव्हर्स लावला असता तर सगळ्यात ताजा गळला असता. टॅगनंतर एकच कमिट असेल, तर लूप एकदाही चालत नाही आणि नोट्स कोऱ्या राहतात.

उपाय सोपा: ओळीओळीने वाचणाऱ्या कोणत्याही गोष्टीला टीफॉरमॅट द्या. लूपच्या अटीत ‘किंवा व्हेरिएबल रिकामं नसेल तर’ अशी जोड देऊनही काम भागतं, पण दोष साच्यात असताना ठिगळ लूपला लावणं मला पटत नाही. -झेड देऊन नव्या ओळीऐवजी नल चिन्ह (शून्य किमतीचा बाइट) वापरलं, तरी नियम तोच राहतो: फॉरमॅटमध्ये नल फक्त मधे, टीफॉरमॅटमध्ये प्रत्येकानंतर.

मग साध्या फॉरमॅटची गरज काय? आहे, आणि ती खरी आहे. गिटचा नेहमीचा बहुओळी लॉग पाहा: दोन कमिटांच्या मध्ये रिकामी ओळ असते, शेवटच्यानंतर नसते. तीही विभाजकाचीच चाल. साच्यासोबत --नेम-ओन्ली लावला की हे अगदी स्पष्ट दिसतं. फॉरमॅट:%एच दिल्यावर हॅश, लगेच त्याखाली बदललेल्या फाइली, मग रिकामी ओळ आणि पुढचा हॅश. प्रत्येक कमिटचा गठ्ठा वेगळा उठून दिसतो. टीफॉरमॅट:%एच दिलं की हॅश, रिकामी ओळ, फाइली, आणि त्यांना चिकटून पुढच्या कमिटचा हॅश. वाचणाऱ्याला वाटतं, हॅश वरच्या फाइलींचा आहे. प्रत्येक फाइलमध्ये किती बदल झाला ते दाखवणाऱ्या --स्टॅटचंही असंच होतं. माणसाने वाचायच्या गठ्ठ्यांसाठी मी न चुकता फॉरमॅट वापरतो.

फाइलमध्ये लॉग लिहून त्याखाली आणखी मजकूर जोडायचा असेल तेव्हा मात्र फॉरमॅट टाळा. जोडलेला मजकूर शेवटच्या कमिटच्या ओळीतच जाऊन बसतो.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवतो. ब्रांच आणि टॅगच्या याद्यांसाठीही --फॉरमॅट असतो, पण त्याची भाषा निराळी. तिथे टक्क्यानंतर कंसात पूर्ण नाव लिहायचं. नल चिन्हही लॉगमध्ये %एक्स०० असं लिहितात, तिथे नुसतं %००. लॉगचा साचा तसाच तिकडे चिकटवला तर चालत नाही.

आपल्या आउटपुटमध्ये कोणता प्रकार आहे अशी शंका आली, तर ते ‘टेल -सी १’मधून (शेवटचा बाइट घेण्यासाठी) आणि मग ‘ओडी -सी’मधून (तो दिसण्यासाठी) काढा. बॅकस्लॅश एन दिसलं तर टीफॉरमॅट, मजकुराचाच एखादा बाइट दिसला तर फॉरमॅट. कॉन्फिगमध्ये ‘प्रिटी’खाली नाव देऊन साठवलेले साचेही एकदा तपासा. तिथेही नियम हाच आहे, पण लॉग चालवताना फक्त ते नाव दिसतं, मागे ‘फॉरमॅट:’ लिहिलंय की ‘टीफॉरमॅट:’ हे दिसत नाही. आमच्या स्क्रिप्टचा साचा असाच नावाआड दडलेला होता, म्हणून तो सापडायला अख्खी दुपार गेली.