रोबोत रमणं वेगळं, रोबोमुळे शिकणं वेगळं

स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल रोबोसमोर कसं खुलतं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलं असेलच. एरवी कुणाकडे न बघणारं मूल नाओ नावाच्या छोट्या, माणसासारख्या रोबोकडे टक लावून बघतं, त्याच्यासारखे हात वर करतं, खुदकन हसतं. कारणही ठाऊक असेल: चेहरा साधा, आवाज एकसारखा, आणि तीच गोष्ट पन्नास वेळा करायला रोबो कंटाळत नाही. हे सगळं खरं आहे.

माझी तक्रार आहे ती त्यापुढच्या वाक्याबद्दल. ‘रोबोमुळे मूल संवाद साधायला शिकलं.’ कुणाशी?

टेबलावर लाल गाडी ठेवलीय. रोबो मान वळवून तिच्याकडे बघतो, मूलही बघतं. इथेच सगळे टाळ्या वाजवतात. पण हे अर्धंच झालं. गाडीवरून मुलाची नजर शेजारी बसलेल्या आईकडे गेली का, ‘तू पाहिलीस ना?’ अशी, आणि परत गाडीवर आली का? या क्षणभराच्या फेरीला संयुक्त लक्ष म्हणतात. आई ‘गाडी’ म्हणते तेव्हा तो शब्द नेमका कशाचा, हे लहान मुलाला बरंचसं अशा सामायिक नजरेतूनच उमगतं. ही फेरी रोबोपाशीच थांबत असेल, तर मूल रोबोत रमलंय, एवढंच म्हणता येईल. रमणं वाईट नाही, पण त्याला प्रगती म्हणू नका.

शिकणं मोजायचं तर रोबो बाजूला ठेवूनच मोजावं लागतं. येल विद्यापीठातल्या ब्रायन स्कॅसेलाटी यांच्या गटाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच केलं होतं. १२ मुलांच्या घरी महिनाभर रोबो होता, रोज अर्धा तास खेळ, आणि खेळात घरातलं एक मोठं माणूस सोबत. मग रोबो नसताना ही मुलं मोठ्यांसोबत कशी वागतात ते पाहिलं, आणि संयुक्त लक्ष सुधारलेलं दिसलं. मुलं थोडी होती, तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, म्हणून यावरून फार मोठं काही ठोकून सांगू नये. पण प्रश्न योग्य विचारला होता.

सोबतचं माणूस किती महत्त्वाचं, ते कास्परकडे पाहून कळतं. हर्टफर्डशर विद्यापीठात घडवलेला हा लहान मुलाएवढा रोबो. जोरात चिमटा काढला की ‘दुखलं’ म्हणून तोंड झाकतो. शेजारी थेरपिस्ट असेल तर ती म्हणते, ‘बघ, त्याला लागलं. हळू कर.’ मग तोच हळुवार स्पर्श मूल तिच्या हातावर करून बघतं. ती नसेल तर? चिमटा काढला की आवाज येतो, म्हणून मूल पुन्हा चिमटा काढणार. रोबो तोच, पण आता ते नुसतं बटण झालं.

रोबो माणसासारखा की प्राण्यासारखा, आपोआप चालणारा की कोपऱ्यातून कुणी लॅपटॉपवर चालवलेला, हे फरक त्यामानाने किरकोळ. (प्रयोगांत बरेचदा कुणीतरी चालवतच असतं, आणि त्यात गैर काही नाही.) ‘रोबो थेरपिस्ट’ हा शब्द मात्र मला मुळीच चालत नाही, थेरपिस्ट ती शेजारी बसलेली बाईच. आणि मुलाने किती सेकंद डोळ्यांत पाहिलं याचे आकडेही मला दाखवू नका. बळेच रोखायला लावलेली नजर म्हणजे संवाद नव्हे.

पुढच्या वेळी कुणी असा व्हिडिओ दाखवला, तर रोबो खोक्यात गेल्यानंतरची पाच मिनिटं दाखवायला सांगा.