पेशीपटलातली कोलांटउडी

बोट कापलं की काही मिनिटांत रक्त थांबतं. श्रेय आपण प्लेटलेट्सना देतो आणि मोकळे होतो. पण त्या वेळी प्लेटलेटच्या पटलात एक गंमत घडते: आतल्या बाजूचा मेद बाहेरच्या बाजूला येतो.

पेशीपटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. रेणूचं डोकं पाण्यात रमणारं, शेपट्या पाण्याकडे पाठ फिरवून आत वळलेल्या. स्वतःच्या थरात हा रेणू सुसाट फिरतो. पलीकडच्या थरात जायचं म्हटलं की अडतो, कारण डोक्याला मधल्या तेलकट भागातून जावं लागतं. आपणहून ही कोलांटी मारायला त्याला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. रॉजर कॉर्नबर्ग आणि हार्डन मॅककॉनेल या शास्त्रज्ञांनी १९७१ साली कृत्रिम पटलांवर ही दिरंगाई मोजली. (कॉर्नबर्ग यांना पुढे २००६ मध्ये नोबेल मिळालं, तेही भलत्याच विषयात.)

या दिरंगाईचा पेशी फायदा उठवते. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद ती आतल्या थरातच ठेवते. चुकून बाहेर गेलेला रेणू फ्लिपेज प्रथिनं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून पुन्हा आत ओढतात. उलट दिशेने, आतून बाहेर नेणारी फ्लॉपेजही आहेत.

खरा वल्ली म्हणजे स्क्रॅम्ब्लेज हे प्रथिन. एटीपी नको, दिशेचा आग्रह नाही; जिकडून तिकडे सगळी सरमिसळ. त्याच्या अंगावर एक खाच असते. पडद्याची कडी पट्टीच्या खाचेतून सरकते आणि कापड बाहेर लोंबतं, तसं रेणूचं डोकं खाचेतून घसरत जातं आणि शेपट्या बाहेर, तेलकट भागातच राहतात. प्लेटलेटमध्ये कॅल्शियम वाढलं की टीएमईएम१६एफ हे स्क्रॅम्ब्लेज जागं होतं. फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर येतं आणि रक्त गोठवणारे घटक त्यावर येऊन बसतात. स्कॉट सिंड्रोम या दुर्मिळ आजारात हेच बिघडतं: प्लेटलेट्सची संख्या ठीक, तरी रक्तस्राव लवकर थांबत नाही. त्यामागे टीएमईएम१६एफच्या जनुकातला दोष असल्याचं २०१० मध्ये कळलं.

पेशी ठरवून मरते तेव्हा मात्र वाट वेगळी. कॅस्पेज नावाची, प्रथिनं कापणारी कात्री एकीकडे फ्लिपेज कापून निकामी करते, दुसरीकडे एक्सकेआर८ या स्क्रॅम्ब्लेजचा तुकडा छाटून त्याला कामाला लावते. कापलेलं पुन्हा जुळत नाही. बाहेर आलेला मेद ओळखून भक्षकपेशी जवळ येतात आणि ती पेशी गिळून टाकतात.